फागण्याची जास्वंद

शालिग्राम एरंडोलला पालथा पडला होता, तेव्हा घंटी झाली.

एरंडोल म्हणजे खरं एरंडोल नव्हे. धुळ्यात, देवपुरातल्या त्याच्या घराच्या कंपाउंडलगत कुंड्यांची एक लांब ओळ होती, तिच्यातल्या एका कुंडीचं नाव एरंडोल. त्या कुंडीत गोकर्णाचं निळं फूल उमललं होतं, फुलाच्या काठावर एक मुंगी उभी होती, आणि तिने एकदा तरी मागे वळून पाहावं म्हणून शालिग्राम पाव तासापासून पोट जमिनीला लावून, मोबाईल नाकाशी धरून पडला होता. मुंगीने मान वळवली आणि त्याच क्षणी डोक्यावरची पितळी घंटी वाजली. टन. एकच टोला.

तो उठला, गुडघे झाडले आणि घरात गेला. खिडकीशी लावलेल्या खाटेवर अक्का बसली होती. हातात दोरी.

"काय व्हयनं अक्का?"

"काही नही. शेस का गया, ते देखं."

"मी कोठे जासू?"

"तेच तं देखं," अक्का म्हणाली, आणि मुलगा आहे की गेला याची खात्री झाल्यावर दोरी मांडीवर ठेवून डोळे मिटून बसली.

तो परत एरंडोलला आला तेव्हा मुंगी निघून गेली होती.

शालिग्रामने एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, तीही जवळजवळ सगळी धुळे-जळगाव मार्गावर. इतक्या फेऱ्या की त्या टोकाला टोक लावून सरळ मांडल्या, तर माणूस चंद्रावर जाऊन, तिथल्या स्टँडवर चहा पिऊन परत आला असता. खोटं वाटत असेल त्याने हिशेब करून पाहावा. त्याची डबल बेल अशी होती म्हणतात, की पारोळ्याच्या स्टँडवर गाडीच्या सावलीत झोपलेली कुत्री ती ऐकून आपणहून उठत आणि पुढच्या गाडीखाली जाऊन निजत. आणि हा माणूस रिटायर झाला त्याच आठवड्यात त्याची अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई, कमलबाई, जिला सगळी गल्ली अक्का म्हणे, न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने कोणीतरी जवळ राहा. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

बायको आधीच गेलेली. मूलबाळ नाही. एक बहीण रूपा, ती अमळनेरला, तिच्या संसारात. अक्काचं डोकं मात्र सुरीसारखं धारदार, कान त्याहून. शालिग्रामने इस्त्रीचा शर्ट नुसता हँगरवरून काढला तरी तिला तो आवाज कळे, आणि तिला चक्कर येई. पहिल्यांदा तो एका लग्नाला निघाला, तो फागण्यापर्यंत पोचला आणि शेजारच्या लताबाईंचा फोन आला. दुसऱ्यांदा मुकटीपर्यंत गेला. तिसऱ्यांदा पायात चप्पल घालेपर्यंतच प्रवास झाला. चौथ्यांदा त्याने विचारच केला नाही. दूध दारात येई, भाजीची गाडी दारात येई, केस कापायला भिकन न्हावी घरी येई. जगाने एकेक करून त्याच्या फाटकापर्यंत यायचं कबूल केलं होतं, मग त्याने बाहेर कशाला जायचं?

तेव्हा त्याने बाग लावली. लावली ती कंडक्टरच्या हिशेबाने. फाटक म्हणजे धुळं. मागच्या भिंतीजवळची पाण्याची टाकी म्हणजे जळगाव. मधे फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, बांभोरी, सगळे थांबे क्रमाने, प्रत्येकाची एक-दोन कुंडी. सकाळी सहाला तो फाटकातून निघे आणि सातच्या आत जळगावला लागे. डेपोतल्या कोणाचीही गाडी इतकी वेळेवर कधी पोचली नाही.

घंटीसुद्धा त्यानेच बसवली. मोडीत निघालेल्या गाडीची जुनी घंटी डेपोतल्या मित्रांनी निरोपाच्या दिवशी नारळाबरोबर दिली होती. ती त्याने बागेच्या मधोमध खांबाला टांगली आणि तिची दोरी खिडकीतून अक्काच्या हातात दिली. "एक वढी की मी थांबसू आनि तुनाकडे येसू," त्याने समजावलं होतं, "दोन वढ्या की समदं ठीक शे, मी फुढे जासू." एकतीस वर्षं जी दोरी त्याच्या हातात होती, ती अशी आईच्या हातात गेली. तीन वर्षांत अक्काने दोन टोले एकदाही दिले नाहीत. एक टोला मात्र दिवसातून चाळीस वेळा.

आता फोटोंचं. मोबाईल रूपाने दिला होता, आणि सुरुवातीला तो फाटकापासून टाकीपर्यंत सगळ्याच फुलांचे फोटो काढे. आठ दिवसांनी अक्काच्या हे लक्षात आलं आणि तिने पूजेचं ताट बाजूला सारलं.

"हाई फुलना तू फोटू काढा का?"

"काढा. मंग?"

"मंग मी हाई देवले कशी वाहू? वास लियेल फूल देवले चालस का?"

"नही चालत."

"मंग रूप लियेल कसं चाली?"

शालिग्राम थक्क झाला. "अक्का, डोयाघाई तं तू भी देखस. ते चालस?"

"मी देखस आनि सोडी देस," अक्का म्हणाली. "तुना मोबाईल धरी ठेवस."

भिकनने केस कापता कापता यावर खूप विचार केला आणि त्या नादात शालिग्रामच्या डाव्या कानावरचे केस जास्त उतरवले, पण उत्तर त्यालाही सुचलं नाही. शेवटी मायलेकांत तह झाला. फाटकापासून पारोळ्यापर्यंतची फुलं देवाची, त्यांना मोबाईल दाखवायचा नाही. पारोळ्यापासून टाकीपर्यंतची शालिग्रामची. दुर्दैव असं की चांगली माती आणि सकाळचं ऊन दोन्ही देवाच्या वाट्याला गेले होते. शालिग्रामच्या वाट्याला गोकर्ण, सदाफुली, कोरांटी आणि टाकीच्या गळतीवर वाढलेली एक ओशाळवाणी कर्दळ.

आणि फागण्याला एक जास्वंद होती. पिवळी, पोटात गडद लाल, बशीएवढी. श्रावणातल्या एका सकाळी, रात्रीच्या पावसाचे थेंब तिच्यावर असताना, अक्काचा डोळा लागलेला पाहून शालिग्रामने तिचा फोटो काढला. एकच. मग मुकाट्याने ते फूल खुडून पूजेच्या ताटात ठेवलं. अक्काने ते देवाला वाहिलं. देवाने काही तक्रार केली नाही.

तो फोटो त्याने जळगावच्या प्रेमराजशेठना पाठवला. प्रेमराजशेठ कापडाचे व्यापारी; वीस वर्षं शालिग्रामच्या गाडीत पहिल्या बाकावर बसून आलेले. दुकान मुलांवर सोपवून ते आता फुलांच्या नादाला लागले होते आणि आपल्यासारख्या हौशी बागवाल्यांचं मंडळ चालवत होते. त्यांचा फोन आला तेव्हा शालिग्राम पाळधीला पाणी घालत होता.

"कंडक्टरसाहेब, तुमची जास्वंद आपण मोठी करून फ्रेममध्ये घातली. दारातल्या भिंतीवर लावणार. रविवारी मंडळाचं प्रदर्शन आहे, दहा ते बारा. बाराला हॉल सोडावा लागतो, पुढे कोणाचा साखरपुडा आहे."

"मोठी म्हणजे किती शेठ?"

"अहो, दोन हात लांब. तुम्ही या. सगळे विचारतात, हा शालिग्राम कोण."

"बघतो," शालिग्राम म्हणाला.

"बघतो काय? वीस वर्षं मला जळगावला आणलंत, एकदा स्वतः या."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की पाळधीची कुंडी भरून वाहतेय आणि पाणी बांभोरीपर्यंत गेलंय. आयुष्यात त्याचं नाव फक्त तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर यायचं. आता ते भिंतीवर येणार होतं, दोन हात लांबीच्या फुलाखाली, आणि ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. एकदा. दोन मिनिटं. मग तो परत आला असता आणि पुढची दहा वर्षं बिनतक्रार फाटकाच्या आत राहिला असता.

रूपाने यायचं कबूल केलं. अक्काला सांगायला त्याने शनिवार उजाडू दिला.

"जळगावले कसाले?"

"मना फोटू भितवर लायेल शे. देखी येस."

"भितवर तं कॅलेंडर भी ऱ्हास." मग थोड्या वेळाने, "कोनता फोटू?"

"शे एक फूलना."

"दखाड."

"मोबाईलमा बारीक दिखस," शालिग्राम म्हणाला. पारोळ्याच्या अलीकडचं फूल तो तिला कुठल्या तोंडाने दाखवणार?

अक्काला चक्कर आली नाही, छातीत कळ आली नाही. ती नुसती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि शालिग्रामला त्याचीच जास्त भीती वाटली.

रविवारी रूपा पावणेनऊला अमळनेरच्या गाडीने आली. शालिग्रामने इस्त्रीचा शर्ट काढला. आतून आवाज नाही. चप्पल घातली. आवाज नाही. तो खाटेजवळ गेला.

"जास मी, अक्का. दिन बुडाना पहिले येस."

"जाय," अक्का म्हणाली.

तिने दोरी मांडीवर घेतली होती.

सव्वानऊची जळगाव गाडी मिळाली. कंडक्टर एक तरुण मुलगी होती, हातात तिकिटाचं यंत्र. शालिग्राम पहिल्या बाकावर बसला. तिकीट त्याने असं धरलं जणू कोणी पहिल्यांदाच त्याच्या हातात दिलंय. आणि ते जवळजवळ खरंच होतं, एकतीस वर्षांत त्याने ते फक्त दिलं होतं. फागणे आलं आणि गेलं. फोन वाजला नाही. मुकटी आली, गेली. त्याने खिशातून फोन काढून आवाज पूर्ण मोठा आहे ना ते पाहिलं. मुकटीच्या पुढे तो तीन वर्षांत गेलाच नव्हता, आणि आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंची कपाशी, नवे पेट्रोल पंप, जुन्या थांब्यावरचा निंब, हे सगळं तो इतकं निरखून पाहत होता की शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पाव्हने, पहिल्यांदाच चाल्लात का इकडे?"

"हां," शालिग्राम म्हणाला.

गाडी पारोळ्याच्या स्टँडात शिरली आणि फोन वाजला. रूपा.

"दादा, अक्का ऐकत नही. तू गया तव्हयपाईन तिनी दोरी धरेल शे. बठ्ठा वखत घंटीच वाजाडी ऱ्हायनी. मी इचारस ते बोलत नही, दूध दिधं ते लिधं नही, नुसती दोरी वढस. मना जीव घाबरी ऱ्हायना."

पुढचं काही शालिग्रामने ऐकलं नाही. घंटी म्हटलं की त्याचे पाय उठत, तीन वर्षांची सवय. डोक्याला कळायच्या आत तो खाली उतरला होता. मागे त्या मुलीने डबल बेल दिली आणि जळगाव गाडी निघून गेली.

धुळ्याकडे जाणारी गाडी उभी नव्हती. त्याने रूपाला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. त्याने स्टँडला तीन फेऱ्या मारल्या. कँटीनवाला निंबा त्याला ओळखत होता, त्याने लांबूनच हाक मारली, "आबा, किती दिवसांनी. बसा, चहा घ्या." शालिग्रामला ते ऐकू गेलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे अक्का होती, वाकडी झालेली, दोरीला लोंबकळलेली. पंचवीस मिनिटांनी रूपाने फोन उचलला.

"फोन रांधनीखोलीमा व्हता रे दादा. मी तिनाजोडे बठेल व्हती."

"कशी शे?"

"तशीच. बठेल शे ताठ. वाजाडी ऱ्हायनी."

"कशी वाजाडी ऱ्हायनी?" त्याने विचारलं. "रूपा, एक टोला का दोन?"

"दोन. टन टन. मंग थांबस. डोया मिटी काहीतरी मोजस, आनि परत टन टन. काय व्हयनं, दादा?"

शालिग्राम कँटीनच्या बाकावर बसला.

डोळे मिटून ती थांबे मोजत होती. फागणे, टन टन. मुकटी, टन टन. गाडी कुठे थांबू नये म्हणून सकाळपासून ती त्याला डबल देत होती. आणि तो डबल बेल ऐकून गाडीतून उतरला होता. एकतीस वर्षांत अशी चूक नव्या पोराकडूनही झालेली त्याने पाहिली नव्हती.

"दादा? काही बोलस का?"

"काही नही. ठीक शे ती. वाजाडू दे तिले."

"माले काय माहीत दोनना अर्थ?" रूपाचा आवाज रडवेला झाला.

"तुले कसं माहीत व्हई? तू कव्हय कंडक्टर व्हती? आयक. मी पारोळाले उतरनू, हाई तिले सांगू नको."

समोर जळगावची दुसरी गाडी येऊन लागली. कंडक्टर ओरडला, एरंडोल, पाळधी, जळगाव. शालिग्राम उठून दोन पावलं गेला आणि थांबला. वेळापत्रक त्याच्या हाडांत होतं, त्याला घड्याळ लागत नसे. पावणेअकराची गाडी सव्वाबाराला पोचते. बाराला हॉल रिकामा. साखरपुड्याच्या खुर्च्या मांडणारे लोक आणि मोकळ्या भिंती. त्या पाहायला जळगावला जाण्यात अर्थ नव्हता.

धुळ्याची गाडीही आली. तीतही तो चढला नाही. आत्ता घरी गेलं तर बारालाच पोचणार, आणि बाराला पोचलेला माणूस जळगावला जाऊन आलेला नसतो, हे अक्काला कोणी सांगायला नको. तिने दिलेली डबल बेल फुकट गेली, हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

मग तो पारोळ्याच्या स्टँडवर दुपारचे तीन वाजेपर्यंत बसून राहिला. निंबाने दोन चहा दिले, एक भज्यांची पुडी दिली, विचारलं काहीच नाही. स्टँडवर बसलेल्या माणसाला कुठे चाललात विचारू नये, एवढं त्याला इतक्या वर्षांत कळलेलं होतं. जळगावच्या गाड्या आल्या, गेल्या. धुळ्याच्या आल्या, गेल्या. प्रेमराजशेठचे चार फोन येऊन गेले, मग एक फोटो आला: दारातली भिंत, दोन हात लांबीची पिवळी जास्वंद, खाली छापील अक्षरांत त्याचं नाव आणि गाव, आणि पुढ्यात हार घातलेले प्रेमराजशेठ. जास्वंदीच्या बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी सोडलेली दिसत होती. शालिग्रामने तो फोटो बोटांनी मोठा केला, मग लहान केला, मग फोन खिशात ठेवला.

सूर्य मावळायच्या आत तो घरी आला. अक्का खाटेवर भिंतीला टेकून होती, दमलेली, केस विस्कटलेले. दोरीने तिच्या तळहाताला लाल वळ उठला होता. रूपा स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी.

"उना का?"

"उनू."

"गयथा का जळगाव?"

"गयथू ना," शालिग्राम म्हणाला, आणि खाटेच्या कडेला बसून त्याने सांगायला सुरुवात केली. हॉल एवढा मोठा की या टोकाच्या माणसाने त्या टोकाला हाक मारायची तर सकाळी मारावी लागे. फुलांना पाहायला एवढी गर्दी की पोलीस बोलवावे लागले. एक बाई त्याच्या फुलापुढे अशी उभी राहिली की तिचा नवरा दुसरीच बाई घेऊन घरी गेला. एक भुंगा आत शिरला आणि फ्रेमवर डोकं आपटून आपटून शेवटी बेशुद्ध पडला, त्याला पाणी पाजावं लागलं. अक्का हसली. किती महिन्यांनी हसली.

"मी डबल दिधी," ती म्हणाली. "आयकाले उनी का?"

"उनी."

"खरं?"

"पारोळालोंग आयकाले उनी, अक्का."

दारातून रूपा आत निघून गेली.

"मंग गाडी कोठे थांबनी नही ना?"

"नही थांबनी."

"आते तं दखाड," अक्काने हात पुढे केला. "कोनतं फूल?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. त्याने प्रेमराजशेठनी पाठवलेला फोटो मोठा करून तिच्या डोळ्यांपुढे धरला. अक्काने मोबाईल लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला. चष्मा पुसून घेतला.

"हाई तं फागणानी जास्वंद शे."

"हां."

"मना वाटानी. देवनी."

"हां, अक्का."

"आनि मी हाई देवले वाहेल शे."

शालिग्राम मान खाली घालून बसला. तीन वर्षं जी शिक्षा तो भोगत होता, तिचं कारण आज कोणी वाचून दाखवणार असं त्याला वाटलं. अक्का बराच वेळ त्या भिंतीकडे, त्या हाराकडे, त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिली. त्या जागेबद्दल तिने काही विचारलं नाही. तिला तिथे काय दिसलं, काय नाही, हे तिचं तिला माहीत.

"चला," ती शेवटी म्हणाली, "मी नही गऊ ते नही. मना देव तं जळगाव जाई उना."

आणि मोबाईल त्याच्या हातात देऊन ती कुशीवर वळली.

सोमवारी सकाळी सहाला शालिग्राम फाटकातून निघाला. फागण्याला जास्वंदीवर दोन कळ्या होत्या. त्याने मोबाईल खिशातच ठेवला. घरातून आवाज आला. टन टन.

तो थांबला. मग पुढे निघाला. मुकटीला पुन्हा दोन टोले. पारोळ्याच्या कुंडीशी त्याचा पाय अडखळला, पण दोरी थांबली नाही, टन टन. एरंडोल, पाळधी, बांभोरी. एकाही थांब्यावर तिने त्याला बोलावलं नाही. तो टाकीपाशी पोचला. कर्दळीला एक लाल फूल आलं होतं. टाकीच्या मागे कंपाउंडची भिंत होती, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे.

मागून पुन्हा दोन टोले आले, पुढे जा म्हणून.

शालिग्राम भिंतीवर हात ठेवून उभा राहिला.

टन टन.